स्मरणरंजन: स्मरणाने रंजन की स्मरणाचे रंजन?

प्रश्न

मी मूळचा सोलापूरचा असून नोकरीमुळे गेली तीस वर्षे पुण्यात राहतो. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी मी जुन्या सोलापूरवर एक लेख लिहिला आणि त्याला ‘एक स्मरणरंजन’ असे शीर्षक दिले. संपादनाचे काम पाहणाऱ्या तरुण मित्राने तो शब्द काढून तेथे ‘नॉस्टॅल्जिया’ घातला. ‘स्मरणरंजन’ म्हटले की निवृत्त माणसाच्या रिकाम्या वेळेतल्या गप्पा असाव्यात असे वाटते, हे त्याने दिलेले कारण मला झोंबले, कारण मी अजून निवृत्त झालेलो नाही. या शब्दाचा नेमका अर्थ कोणता, त्याचा विग्रह कसा करावा आणि त्याऐवजी ‘गतकातरता’ चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपल्या मित्राला दोष देता येणार नाही, कारण आज हा शब्द बहुधा ‘निव्वळ’ या विशेषणासोबतच भेटतो. एखादे पुस्तक आवडले नाही की समीक्षक ‘हे निव्वळ स्मरणरंजन आहे’ असे लिहून मोकळे होतात. माझ्या मते या अवमूल्यनाचे मूळ समासाच्या विग्रहात आहे. आपण ‘स्मरणाने होणारे रंजन’ असा तृतीया तत्पुरुष धरतो आणि रंजन म्हणजे करमणूक असे समजतो. मग स्मरणरंजन म्हणजे आठवणींवर केलेली फुकटची करमणूक ठरते. परंतु ज्या ‘मनोरंजन’ शब्दाच्या वळणावर हा शब्द घडलेला दिसतो, तेथे विग्रह षष्ठीचा आहे: मनाचे रंजन. तोच न्याय येथे लावला तर ‘स्मरणाचे रंजन’ असा अर्थ निघतो, आणि तेथे खरी गंमत सुरू होते.

संस्कृतातील ‘रञ्ज्’ या धातूचा पहिला अर्थ रंगणे, रंग चढणे असा आहे, आणि ‘रंजन’ म्हणजे मुळात रंगवणे. रंग, रक्त, राग, अनुराग आणि वैराग्य ही सारी याच धातूची प्रजा आहे. कपडे धुणाऱ्याला संस्कृतात ‘रजक’ म्हणतात, तो शब्दही याच धातूपासून साधतात, म्हणजे रंग चढवणारा आणि मळ उतरवणारा एकाच नावाखाली नांदतात. मराठी बोलताना आपण हा जुना अर्थ विसरलेलो नाही. मैफल रंगते, गप्पा रंगतात, विडा रंगतो. उलट बाजूने रंग उतरतो, कापड विटते आणि मनही विटते. तेव्हा स्मरणरंजन म्हणजे आठवणीला रंग देणे. हा अर्थ मी ओढूनताणून काढलेला नाही, तो शब्दाच्या पोटातच आहे.

‘नॉस्टॅल्जिया’चे घराणे वेगळे आहे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात हा शब्द घडवला. ग्रीक भाषेत ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून दूर असलेल्या स्विस माणसांना होणारा तो एक रोग मानला गेला होता. ‘गतकातरता’ या रोगाच्या जवळ जाते, कारण ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. कातरवेळेतला कातर तोच. घर सुटल्याची कळ सांगायची असेल तर ‘गतकातरता’ जरूर वापरावी, किंवा सरळ ‘हुरहूर’ म्हणावे, तो शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. या दोन्ही शब्दांत वेदना आहे, परंतु वेदनेने आठवणीचे पुढे काय होते हे त्यांत नाही. ते ‘स्मरणरंजन’ सांगते.

याचा एक अनुभव मला घरातच आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे निवेदक अमीन सयानी गेले, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी मोठ्या उमाळ्याने लिहिले की, बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या घरातल्या कोनाड्यातील रेडिओवर सिलोन लागत असे, त्या रेडिओचा हिरवा डोळा अंधारात चमकत असे आणि त्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल असे. अर्ध्या तासाने थोरल्या बहिणीचे उत्तर आले: “अरे, तो रेडिओ शेजारच्या काकूंचा. आपण त्यांच्या खिडकीखालच्या कट्ट्यावर बसून ऐकायचो आणि डास चावायचे म्हणून तू रडायचास. आपल्याकडे रेडिओ आला तेव्हा तू दहावीला होतास.” मी विचार केला तेव्हा डास आठवले. खरे सांगायचे तर चाळिशीत असताना मला तो कट्टा आणि ते डास नीट आठवत होते. साठीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत खिडकी नाहीशी झाली होती, रेडिओ भिंत ओलांडून आमच्या घरात आला होता आणि त्यावर आईचा रुमालही पडला होता. या प्रकाराला मी करमणूक म्हणणार नाही आणि खोटे बोलणेही म्हणणार नाही. हे रंजन आहे, मूळ अर्थाने.

प्रतिसाद

मी सोलापूरच्या पूर्व भागातली असून आमच्या घरी दोन पिढ्या सुताच्या रंगाईचे काम होते, म्हणून या चर्चेत थोडी भर घालते. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि आठवणीला ‘ज्ञापकम’ म्हणतात; त्यात रंगाचा संबंध नाही. परंतु वरील अर्थ धंद्याच्या अंगाने मला पटतो. कोऱ्या सुताला एक नैसर्गिक मेणचटपणा असतो. ते आधी नीट उकळून घेतले नाही तर रंग आत शिरत नाही, वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. दुसरे असे की, फिक्या लडीवर गडद रंग चढतो, गडद लडीवर फिका रंग कधी चढत नाही. माझे आजोबा वारले त्या वर्षाची एकही आठवण मला आजवर गोड करून सांगता आलेली नाही. कट्ट्यावरचे डास मात्र फिके होते, त्यांच्यावर काहीही चढले असते. तेव्हा प्रत्येक स्मरणाचे रंजन होते असे समजू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका मात्र उरते. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने ठरत नाही, तो वापराने ठरतो. स्मरणिकेचा वाचक ‘रञ्ज्’ धातू डोक्यात घेऊन लेख वाचणार नाही. त्याला करमणूकच दिसेल.

प्रतिसाद

शंका रास्त आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी एवढेच सुचवीन की, या शब्दाचे क्रियापद करून पाहावे. ‘मी आठवणींत रमलो’ या वाक्यात आपण निष्क्रिय आणि आठवणी तयार असतात. ‘मी आठवणी रंगवल्या’ असे लिहिले की कर्ता कबूल होतो. आपल्या लेखात यांपैकी कोणते वाक्य खरे आहे ते तपासावे. ‘नॉस्टॅल्जिया’ ठेवण्यासही माझी हरकत नाही, तो आता मराठीत रुळला आहे. केवळ ‘स्मरणरंजन’ म्हातारा वाटतो म्हणून त्याला घालवू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सांगितल्याप्रमाणे लेख पुन्हा वाचला आणि तिसऱ्याच परिच्छेदात अडखळलो. मी लिहिले होते: ‘जुन्या मिलचा भोंगा झाला की आई चुलीवर भाकरी टाकत असे.’ ‘जुनी मिल’ याच नावाने ओळखली जाणारी सोलापूरची ती कापडगिरणी माझ्या जन्माआधीच बंद पडली होती. लक्ष्मी मिलचा किंवा विष्णू मिलचा भोंगा मी ऐकला असेल, नरसिंग गिरजीचाही असेल, परंतु जुन्या मिलचा भोंगा वडिलांनी ऐकला होता आणि ते त्याविषयी इतक्या वेळा बोलत की तो माझ्या कानांत येऊन बसला. भाकरी टाकणारी बाईही मग माझी आई नसून आजी असणार. ते वाक्य गाळावे असे आधी वाटले, पण गाळले नाही. ‘भोंगा झाला की’ या शब्दांपुढे ‘असे मला आठवते, जरी ते शक्य नाही,’ एवढे जोडले आणि आईच्या जागी कोणाचेच नाव न घालता ‘घरात चुलीवर भाकरी पडत असे’ असे केले. शीर्षकात ‘स्मरणरंजन’ परत घेतले आहे. मित्राने त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे आणि ते मी राहू दिले आहे.