कवी डेव्हिड मलूफ कादंबरीकडे का वळले असावेत?

रामबागकर

नमस्कार मंडळी. इंदुरातील आमच्या वाचक मंडळात दर महिन्याला एका परदेशी लेखकावर कोणीतरी वीस मिनिटे बोलते आणि या खेपेस ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड मलूफ यांच्यावर बोलण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. त्यांची ‘रिमेंबरिंग बॅबिलॉन’ (१९९३) ही एकच कादंबरी मी वाचली आहे. बुकरच्या अंतिम यादीत पोचलेली आणि १९९६ साली डब्लिनचा पहिलावहिला इम्पॅक पुरस्कार मिळवणारी ही कादंबरी मला आवडली, पण ती वाचताना सारखे वाटत राहिले की हा माणूस मुळात कवीच आहे. १९६२ मध्ये चार कवींच्या एकत्रित संग्रहात त्यांच्या कविता आल्या, १९७० मध्ये ‘बायसिकल’ हा स्वतंत्र संग्रह आला आणि पहिली कादंबरी ‘जॉनो’ मात्र थेट १९७५ साली, म्हणजे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. मधल्या काळात काय बदलले, आणि कादंबरी हाती आल्यावर कविता सुटली का? पुरस्कारांची जंत्री वाचून दाखवली तर मंडळी चहाची वाट पाहू लागतील, म्हणून विचारतो.

निवृत्त मास्तर

कविता सुटली नाही, हे प्रथम सांगतो. ‘अर्थ अवर’ हा संग्रह २०१४ चा आणि ‘अ‍ॅन ओपन बुक’ २०१८ चा. तेव्हा मलूफ ऐंशी ओलांडून गेले होते.

चरित्र थोडक्यात उरकावे. जन्म १९३४, ब्रिस्बेन. वडिलांचे घराणे लेबनॉनचे ख्रिस्ती, आई इंग्लंडची आणि तिचे मूळ पोर्तुगीज ज्यूंत. १९५९ ते १९६८ इंग्लंडमध्ये वास्तव्य आणि मास्तरकी, मग सिडनी विद्यापीठात अध्यापन, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती नोकरी सोडून इटलीतील तस्कनीच्या एका खेड्यात मुक्काम. पोटापाण्याची नोकरी सोडण्याचा हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो, कारण कविता शिकवण्याच्या धबडग्यातही होऊन जाते, कादंबरीला मात्र सलग सकाळी लागतात.

तरीही भाषणाची सुरुवात जन्मसालापासून करू नका, घरापासून करा. ‘१२ एडमंडस्टोन स्ट्रीट’ (१९८५) या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी बालपणीचे घर खोलीखोलीने उभे केले आहे. ब्रिस्बेनची ही जुनी घरे लाकडी फळ्यांची आणि खुंटांवर उचललेली असतात. पुढे व्हरांडा, जो धड घरातही नाही आणि धड बाहेरही नाही, आणि जमिनीलगत घराखालची अंधारी पोकळी, जिथे मुलांचे वेगळेच राज्य असते. मला आमच्या जुन्या वाड्यातली जिन्याखालची अडगळ आठवली. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसेही पुष्कळदा अशाच मधल्या जागी उभी असतात.

तोपखान्यातली वाचक

मास्तरांचे मधल्या जागेचे म्हणणे पटले. त्याला ‘अ‍ॅन इमॅजिनरी लाइफ’ (१९७८) ची जोड द्या. रोमचा कवी ओव्हिड याला सम्राट ऑगस्टसने काळ्या समुद्राकाठच्या तोमिस या गावी हद्दपार केले, हा इतिहास आहे. मलूफ यांचा ओव्हिड तिथे अशा लोकांत राहतो, ज्यांना त्याच्या लॅटिनचा एक शब्द कळत नाही. शब्दांवर जगलेला माणूस लहान मुलासारखा पुन्हा पहिले शब्द शिकतो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-माळवी बोलत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही कादंबरी अंमळ अधिकच जवळची वाटते.

निवृत्त मास्तर

ताई, इथे थोडी गल्लत होते आहे. आपले पूर्वज होळकरांबरोबर सत्तेच्या बाजूने आले. ओव्हिडला सत्तेने हाकलले. या दोन अनुभवांना एका तागडीत तोलू नये. तुलनाच हवी तर ती आपल्या माळव्यातल्या शरच्चंद्र मुक्तिबोधांशी करता येईल: तेही आधी कवी, मग ‘क्षिप्रा’चे कादंबरीकार.

तोपखान्यातली वाचक

मान्य, हद्दपारीचा शब्द आपल्याला शोभत नाही. भाषा बदलली की माणूस किती बदलतो, एवढाच माझा मुद्दा होता, आणि तो रामबागकरांनी वाचलेल्या कादंबरीतही आहे. आरंभीच कुंपणावर तोल सांभाळत उभा असलेला जेमी आठवा. जहाजावरून समुद्रात टाकलेला हा गोरा मुलगा सोळा वर्षे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींत वाढलेला आहे; काठीची बंदूक करून रोखणाऱ्या पोरापुढे तो अडखळत स्वतःला ब्रिटिश ‘सब्जेक्ट’ म्हणवू पाहतो आणि तोंडून ‘ऑब्जेक्ट’ निघते. प्रजाजनाची वस्तू झाली! पुढे वसाहतीतले लोक त्याला तसेच वागवतात. एका चुकलेल्या अक्षरावर अख्खी कादंबरी तोलून धरणे हे कवीचेच काम आहे. मराठीत अनुवाद करणाऱ्याने इथे काय करावे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

रामबागकर

दोघांचे आभार. ‘प्रजा’ आणि ‘पूजा’ अशी जोडी मनात आली होती, पण अर्थ पार उलटा होतो, तेव्हा ते सोडून दिले. एक शेवटचे विचारतो: ‘रॅन्सम’ (२००९) वाचलीच पाहिजे का?

निवृत्त मास्तर

अवश्य वाचा, छोटी आहे. ‘इलियड’ या होमरच्या ग्रीक महाकाव्याच्या अखेरच्या भागातला ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम मुलाचे प्रेत मागायला, त्याला मारणाऱ्या अकिलीज या ग्रीक योद्ध्याकडे निघतो, तेवढाच प्रसंग, पण मलूफ त्याला खेचरांच्या साध्या गाडीत, सोमॅक्स नावाच्या गाडीवानाशेजारी बसवतात. वाटेत ओढ्यात पाय सोडून बसलेल्या राजाला गाडीवान आपल्या सुनेने केलेल्या धिरड्यांविषयी सांगतो, आणि अन्न कोणाच्या तरी हातांनी तयार होते, हे त्या राजाला प्रथमच जाणवते. भाषणाला वेळ कमी पडला, तर तेवढी दोन पाने वाचून दाखवा आणि बाकीचे सोडून द्या.