दोलकाच्या प्रयोगात जी १०.५ येतोय, चूक नेमकी कुठे?

प्रयोगवही
अकरावीच्या मुलांकडून साध्या दोलकावरून जी (गुरुत्वीय त्वरण, मी/से² मध्ये) काढायचा प्रयोग करून घेतोय. हुक असलेला धातूचा गोळा, शिवणाचा दोरा, स्टँड आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एवढंच सामान. दोऱ्याच्या चार लांब्या घेतल्या. प्रत्येक लांबीला २० दोलनांचा (दोलन म्हणजे जाऊन परत येणारा एक पूर्ण झोका) वेळ तीनदा मोजला. सरासरी अशी:

४० सेमी – २४.७२ सेकंद
६० सेमी – ३०.०८ सेकंद
८० सेमी – ३४.५३ सेकंद
१०० सेमी – ३८.५७ सेकंद

दोलनकाल टी म्हणजे वेळ भागिले २०. मग जी = ३९.४८ (म्हणजे ४π²) × लांबी (मीटरमध्ये) ÷ टी². उत्तरं आली १०.३४, १०.४७, १०.६०, १०.६२. सरासरी १०.५१, म्हणजे पुस्तकातल्या ९.८१ पेक्षा ७ टक्क्यांहून जास्त चूक. गंमत अशी की तिन्ही रीडिंग एकमेकांच्या ०.१ सेकंदाच्या आत आहेत. दहा-दहा रीडिंग घेऊन सरासरी काढली तर सुधारेल का?

तराजू
गोळा फार लांब ओढून सोडत असतील. कोन ५ अंशांच्या आत ठेवा. १०० सेमीला बाजूला साधारण ८.५ सेमी, ४० सेमीला साडेतीनच. आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरली आहे ना? बहुतेकांचं तिथेच चुकतं.

शून्यत्रुटी
तराजू, दोन्ही सूचना बरोबर आहेत, पण या आकड्यांचं कोडं त्यांनी सुटत नाही. दिशा बघा. कोन मोठा झाला की दोलनकाल वाढतो, म्हणजे जी कमी येतो. तेही थोडंसंच: २० अंशांपर्यंत ओढलं तरी टी पाऊण टक्का वाढतो, जी दीड टक्का घसरतो. लांबीत गोळ्याची त्रिज्या धरली नाही तर लांबी कमी भरते, म्हणजे पुन्हा जी कमीच. इथे जी वाढलाय. वर ढकलणारं काहीतरी तिसरंच आहे, आणि ते चांगलंच दांडगं आहे.

सरासरी काढण्याआधी ती चार उत्तरं ओळीने वाचा. लांबी वाढते तसा जी चढतोय. निव्वळ हाताच्या चुका असत्या तर आकडे वर-खाली झाले असते, असे शिडीने चढले नसते. म्हणून दहा काय, शंभर रीडिंग घेतली तरी १०.५ च येणार, फक्त जास्त खात्रीने चुकीचं. तीन रीडिंग जुळली याचा अर्थ तीच चूक तीनदा झाली, एवढाच.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी, उभ्यावर टी². तुमचे टी² असे: १.५२८, २.२६२, २.९८१, ३.७१९. चारही बिंदू एका सरळ रेषेवर छान बसतात, पण रेषा शून्यातून जात नाही. मागे वाढवली की ती आडव्या अक्षाला उणे १.९ सेमीच्या आसपास छेदते. म्हणजे प्रत्येक लांबीत जवळपास २ सेमी धरायचे राहिलेत: गोळ्याची त्रिज्या अधिक हुक. ४० मध्ये २ सेमी म्हणजे ५ टक्के, १०० मध्ये फक्त २. म्हणून ती शिडी.

रेषेचा चढ येतो ३.६५. लांबीत सगळीकडे सारखीच कसर असेल तर रेषा नुसती बाजूला सरकते, चढ बदलत नाही. त्यामुळे चढावरून काढलेल्या जी मध्ये त्रिज्येची चूक शिरतच नाही. ३९.४८ ÷ ३.६५ = १०.८. आता आपल्याकडच्या खऱ्या जी शी, म्हणजे ९.७८ शी, तुलना केली तर हे सुमारे १.१०७ पट आहे. त्याचं वर्गमूळ १.०५२. आणि २० ÷ १९ = १.०५३.

तुमची मुलं १९ दोलनं मोजून २० ने भागतायत. स्टॉपवॉच दाबताना तोंडाने ‘एक’ म्हणतात का, तेवढं बघा. दाबण्याच्या क्षणी एकही दोलन पूर्ण झालेलं नसतं, तिथे ‘शून्य’ म्हणायचं. कुंपणाच्या खांबांसारखं आहे हे: २० खांबांमध्ये १९च गाळे.

ठोकळा
मोजण्याची पद्धत एकदा बसली की बाकीचं सामानही तपासा, कारण एक टक्क्याच्या आत यायचं तर हे सगळं लागतं.

दोरा स्टँडच्या दांड्याला गुंडाळून गाठ मारू नका. गोळा झुलतो तसा दोरा दांड्यावर थोडा चढतो-उतरतो आणि लांबी दर क्षणी बदलते. मधोमध चिरलेल्या बुचाच्या दोन फाकांमध्ये दोरा धरून क्लॅम्प आवळा. जिथून दोरा बुचातून बाहेर पडतो तो नेमका टांगण्याचा बिंदू. लांबी गोळा टांगलेला असतानाच मोजा, दोरा ताणला जातो. लाकडी मीटरपट्टीचं टोक झिजलेलं असतं, म्हणून १० च्या रेघेपासून मोजून १० वजा करा.

वेळ टोकाला मोजू नका. टोकाला गोळा क्षणभर रेंगाळतो, तो नक्की कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. मधून जाताना त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. मागे पांढऱ्या कागदावर उभी रेघ ओढा, डोळा समोर ठेवा, आणि गोळा एकाच दिशेने रेघ ओलांडेल तेव्हाच मोजा. नाहीतर अर्ध्या दोलनाची चूक वेगळीच. सोडल्यावर दोन-तीन दोलनं जाऊ द्या, मग ‘तीन, दोन, एक, शून्य’ म्हणत शून्याला बटण. पंखा बंद. गोळा लंबगोल फिरायला लागला तर थांबवून पुन्हा सोडा. ढकलायचा नाही, नुसतं बोट काढून घ्यायचं.

आणि ९.८१ यायलाच हवं असा हट्ट नको. मुंबई-पुण्याकडे जी ९.७८ ते ९.७९ आहे, ९.८१ हा पॅरिस-लंडनच्या बाजूचा आकडा. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर सेकंदाचा दोलक (एका बाजूचा झोका एका सेकंदात घेणारा) तिथे सुमारे ३ मिमी आखूड करावा लागला, कारण तिथे जी कमी आहे. मुलं आकडे ओढूनताणून ९.८१ ला नेतात, ती सवय वहीतूनच मोडा.

प्रयोगवही
पकडलंत! बटण दाबताना ‘एक’च म्हणत होते, तेही सगळ्या गटांत. गोळ्याचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने २.५४ सेमी भरला (कॅलिपरला शून्यत्रुटी नाही, म्हणजे जबडे मिटले की ते शून्यच दाखवतं), हुक ०.७० सेमी. म्हणजे १.२७ + ०.७० = १.९७ सेमी. जुनी रीडिंग १९ ने भागून आणि ही लांबी मिळवून केली तर ९.७९, ९.७६, ९.८०, ९.७७. शिडी गेली.

१०० सेमीला ‘शून्य’ म्हणून पुन्हा मोजलं: २० दोलनं ४०.५९ सेकंद. आधीच्यापेक्षा २.०२ सेकंद जास्त, जवळपास एका दोलनाएवढं. जी = ९.७७४० आला. असाच लिहू का?

शून्यत्रुटी
नाही. स्टॉपवॉच ०.०१ सेकंद दाखवतं, पण अंगठा तेवढा नेमका नसतो. तुमचीच तीन रीडिंग ०.१ ने हलतात. ४०.६ मध्ये ०.१ म्हणजे पाव टक्का, टी चा वर्ग होतो म्हणून जी मध्ये दुप्पट, अर्धा टक्का, म्हणजे ०.०५. लांबीत १ मिमी इकडेतिकडे झालं तरी ०.०१ च. तेव्हा वहीत ९.७७ ± ०.०५ लिहा. हा पल्ला आणखी आवळायचा असेल तर २० ऐवजी ५० दोलनं मोजा, तोच ०.१ सेकंद मग १०१ सेकंदांत वाटला जातो. फक्त ५० पर्यंत मोजताना मधला एखादा आकडा गळतो. दर दहाला दुसऱ्या मुलाने कागदावर एक काडी मारावी.