मदत हवी आहे: पतित नायकाशी बॉस फाइट. आठ जणांना तो ‘आपला’ प्रतिस्पर्धी कसा वाटेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्रमंडळी फावल्या वेळात एक छोटा ऑनलाइन फँटसी गेम बनवतोय. कोड आणि चित्रं बाकीच्यांकडे, कथा आणि लढायांचा आराखडा माझ्याकडे. पहिल्या मोठ्या रेडचा (आठ खेळाडूंनी मिळून लढायच्या मोहिमेचा) शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, ठरवायचाय आणि तिथे घोडं अडलंय.

बॉसचं नाव अरिंजय. गेम सुरू होतो तेव्हा तो आपल्या बाजूचा असतो, ट्युटोरियलभर सोबत चालतो. तो टँक आहे, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा. त्याच्याकडे एक विद्या आहे: सोबत्याशी सोनेरी दोरी जोडायची आणि त्याला बसणारा अर्धा मार स्वतःवर घ्यायचा. शत्रूचा मोठा फटका येणार असला की तो ओरडतो, “पाय रोव!” तेव्हा खेळाडूने ब्लॉकचं बटण दाबायचं. बटण शिकवायची आमची पद्धतच ती आहे. प्रत्येक मोहिमेनंतर कोणी किती शत्रू पाडले याचा हिशोब काढून तो खेळाडूला चिडवतो. म्हणजे दोस्तीही आहे आणि चढाओढही.

पुढे वेढ्यात एका नगराचा दरवाजा राखताना तो एक शापित तलवार उचलतो आणि फिरतो. थेट रेडमध्येच परत भेटतो.

अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे, एकट्याने खेळायच्या गेममध्ये प्रतिस्पर्धी हा नायकाचा असतो. इथे समोर आठ जण उभे आणि आठही जण नायक. अरिंजय नेमका कोणाकडे बघून “तुला मीच घडवलं” म्हणणार? आठही जणांना उद्देशून म्हणाला तर ते सभेतलं भाषण होतं. दुसरी अडचण जास्त छळतेय. रेड लोक दर आठवड्याला खेळणार. कटसीन (मधले सिनेमासारखे कथाप्रसंग) पहिल्यांदा बघतील, नंतर सरळ स्किप. मग ज्याच्या पतनावर सगळा डोलारा उभा आहे, तो दुसऱ्या आठवड्यापासून फक्त मोठ्या एचपीचा (जीवशक्तीच्या आकड्याचा) एक खांब होऊन बसतो. लढाईतूनच, बटणांतूनच त्याचं पतन कळेल असं काही करता येईल का? तीन फेज (टप्पे) ठेवायचा विचार आहे, पण त्यात काय भरायचं ते सुचत नाहीये.

*

प्रतिसाद १

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत लिहीन. तोवर एकच विनंती: शापित तलवार नको हो.

*

प्रतिसाद २

वरच्यांना अनुमोदन. शापित तलवार म्हटली की पहिला आर्थसच आठवणार. ‘वॉरक्राफ्ट ३’ (2002) या गेममधला हा राजपुत्र, तिथे आपणच त्याला चालवतो. स्ट्रॅथोम शहरातली माणसं आपल्याच हातून मारली जातात, पुढे तो फ्रॉस्टमोर्न ही शापित तलवार उचलतो आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये लिच किंग म्हणून समोर उभा ठाकतो. तिथे तलवार खपते, कारण ती उचलेपर्यंत तो अर्धाअधिक घसरलेलाच असतो. तुमच्या आराखड्यात मात्र तलवारच सगळा दोष अंगावर घेऊन मोकळी होते. माणूस चांगला, हत्यार वाईट. मग पडलं कोण?

त्या लढाईतली एक गोष्ट मात्र जरूर उचला. लिच किंगचे 10 टक्के एचपी उरले की तो एका झटक्यात रेडमधल्या सगळ्या खेळाडूंना मारून टाकतो. पहिल्यांदा तिथे पोचलेल्यांना वाटतं, संपलं, वाइप झाला, सगळे मेले, आता पहिल्यापासून. पण तो कथेचाच भाग असतो. पुढे टिरियन हा आपल्या बाजूचा योद्धा फ्रॉस्टमोर्न तोडतो, मेलेले खेळाडू पुन्हा उभे राहतात आणि उरलेले टक्के संपवतात. कटसीनने जे काम केलं असतं ते इथे एचपीचा आकडा करतो, आणि ते कितव्याही आठवड्यात स्किप होत नाही.

दुसरं उदाहरण ऑनलाइन रेडचं नाही, तरी सांगतो. ‘डार्क सोल्स’च्या 2012 च्या विस्तारातला आर्टोरियस. डावा हात मोडून लोंबतोय, ढाल नाही, आणि तो एका हाताने तलवार फिरवत अंगावर येतो. ढाल कुठे गेली? आपल्या लांडग्याला वाचवायला त्याच्यापाशी ठेवून आलाय. लढाईत याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. त्या लोंबत्या हाताकडे बघून कळतं की धडधाकट असता तर आपली धडगत नव्हती.

आता तुमच्याकडे बघू. तुमच्याकडे दोरी आहे! तलवार फेकून द्या. दरवाज्यावर तो मरायला टेकलाय, मागे अख्खं नगर. तो दोरी उलटी जोडतो. आजवर दुसऱ्यांचा मार स्वतःवर घेतला, आता स्वतःचा मार नगरावर टाकायला लागला. दरवाजा पडला नाही. वेढा उठला तेव्हा आत कोणीच जिवंत नव्हतं. इथे शाप नको, राक्षस नको. त्याचीच विद्या, त्याचाच हट्ट. आणि हीच दोरी रेडमध्ये तो तुमच्या आठ जणांना जोडतो. बॉसला मारलं की आपलाच कोणीतरी विव्हळतो.

*

प्रतिसाद ३

थोडं अवांतर होईल, पण पतित नायक म्हटलं की आपल्याकडे पटकन कर्ण पुढे केला जातो. माझ्या मते कर्ण या साच्यात बसत नाही. तो पहिल्यापासून समोरच्या बाजूला आहे आणि दिलेल्या शब्दाला शेवटपर्यंत धरून आहे. पडतो तो अश्वत्थामा. रात्री झोपलेल्यांवर शस्त्र चालवतो आणि नंतर मस्तकातला मणी काढून दिल्यावर जखम घेऊन जगत राहतो. कर्णाबद्दल हळहळ वाटते. अश्वत्थाम्याबद्दल काय वाटायला हवं हेच ठरत नाही. तुमचा अरिंजय या दुसऱ्या जातीचा असेल तर त्याला सहानुभूतीचे संवाद कमी द्या. “माझा नाइलाज होता” हे त्याने स्वतः म्हटलं की सगळं मुसळ केरात.

*

धागाकर्ती

प्रतिसाद २, तलवार गेली. दोरी माझ्याच कागदावर होती आणि मी ती ट्युटोरियलपुरती धरून बसले होते! कथेचं गाडं आता चालेल असं दिसतंय. पण ‘अर्धा मार’ आकड्यांत कसा बसवायचा? आमचे ढोबळ आकडे असे: बॉसचे एचपी 40 लाख, खेळाडूचे 20 हजार. दोन टँक, दोन हीलर (जखमा भरणारे), चार डीपीएस (मुख्यतः मार देणारे). चौघे मिळून सेकंदाला साधारण 10 हजार मार देतील असं धरलंय, म्हणजे लढाई 400 सेकंदांची, पावणेसात मिनिटांच्या आसपास.

आणि तो ‘कोणाचा’ प्रतिस्पर्धी, हा प्रश्न आहेच अजून.

*

प्रतिसाद ४

आकडे बघून राहवलं नाही. अर्धा म्हणजे सेकंदाला 5 हजार. दोरीवरचा माणूस चार सेकंदांत आडवा, हीलरचा मंत्र (कास्ट) पुरा व्हायच्या आत. ट्युटोरियलमध्ये अर्धा चालतो, कारण तिथे मार खेळाडूच्या मापाचा असतो. इथे तो बॉसच्या मापाचा आहे. तेव्हा 5 टक्के धरा. सेकंदाला 500, म्हणजे कोणी हील केलं नाही तर माणूस 40 सेकंद टिकतो. हीलरला काम मिळतं आणि धावपळही होत नाही. मात्र सगळ्यांनी एकदम कूलडाउन (राखून ठेवलेले मोठे वार) फोडले की मार तिप्पट होणार आणि दोरीवाला गचकणार. हेच तर हवंय! डीपीएसवाल्यांना आयुष्यात एकदा तरी आकड्यांवरून नजर काढून शेजारच्याकडे बघावं लागेल.

लोक हात आखडून बसू नयेत म्हणून वरून काळाचं दडपण ठेवा. थेट एनरेजपेक्षा (वेळ संपली की बॉस पिसाळून सगळ्यांना चिरडतो, त्यापेक्षा) दोरी हळूहळू जाड होऊ द्या: 5 चे 6 टक्के, 6 चे 7.

दुसरं, ब्लॉकची वेळ. इशारा मिळाल्यावर माणसाचा हात हलायलाच पाव सेकंद जातो, त्यावर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ. 200 मिलिसेकंद पिंगवाला बिचारा अर्ध्या सेकंदाच्या इशाऱ्यात कायम मरणार आणि शिव्या तुम्हाला घालणार. इशारा ते फटका यात किमान दीड सेकंद द्या. ब्लॉक लागला की नाही हे खेळाडूच्या स्क्रीनवर काय दिसत होतं त्यावरून ठरवलंत तर उत्तम, पण त्यात फसवणुकीला वाव राहतो. ते तुमच्या कोडवाल्यांवर सोडतो.

आणि खेळाडूंची हुबेहूब नक्कल करणारा बॉस करायचा मोह झालाच तर एक ऐका. ‘गिल्ड वॉर्स’मध्ये (2005) स्वतःच्याच प्रतिमेशी एकट्याने लढायचा टप्पा होता, तिच्याकडे आपलीच कौशल्यं. लोकांनी काय केलं? प्रतिमेला धड वापरता येणार नाहीत अशी कौशल्यं मुद्दाम घेऊन गेले. कल्पना झकास, पण गांभीर्य पार गेलं.

*

प्रतिसाद ५

मी कित्येक वर्षं रेडमध्ये हीलर आहे, त्या बाजूने लिहिते.

“पाय रोव!” ही ओळ ट्युटोरियलमध्येच राहू देऊ नका. रेडमध्ये अरिंजय ज्याला दोरी जोडतो त्याच्याकडे मान वळवतो, आणि मोठा मार जायच्या दीड सेकंद आधी ओरडतो, “पाय रोव!” तोच आवाज, तीच ओळ. खेळाडूचं बोट आपोआप ब्लॉकवर जाईल, कारण बटण शिकलोय ते त्याच्याकडूनच. शत्रू झालाय, पण सवय सुटलेली नाही. यासाठी एकही कटसीन लागत नाही. शिवाय व्हॉइस चॅटवर आठ जण कालवा करत असताना दोन शब्दच ऐकू येतात. लांबलचक संवाद लिहिलेत तर ते फक्त तुम्हीच वाचाल.

आता ‘कोणाचा प्रतिस्पर्धी’. तो हिशोब काढून चिडवतो म्हणालात ना? ट्युटोरियलमधला तो आकडा प्रत्येक पात्रासोबत साठवा. ‘तू 14, मी 17’ एवढंच. रेडमध्ये दोरी माझ्यावर आली की फक्त माझ्या स्क्रीनवर ओळ उमटू दे: “चौदा. अजून तिथेच आहेस?” शेजारच्याला त्याचा आकडा दिसेल. आठ जणांना एकच बॉस, पण बोलणं ज्याचं त्याच्याशी. आणि तिसऱ्या आठवड्यात कोणी नवीन पात्र घेऊन आला तर त्याचा आकडा वेगळा निघेल.

एक गोष्ट कृपया करू नका: हरायचंच आहे अशी लढाई. ‘फायनल फँटसी १४’च्या ‘स्टॉर्मब्लड’मध्ये (2017) झेनोसशी पहिली गाठ पडते तेव्हा काहीही केलं तरी आपण हरतो. कथेपुरतं समजतं, पण हातांना ते पटत नाही. त्याच गेममधला आर्डबर्ट मला जास्त भिडला. तो दुसऱ्या जगाचा नायक. तिथे त्याची टोळी इतकी पुरती जिंकली की प्रकाशाच्या पुराने ते जगच बुडायला आलं, आणि ते वाचवायला तो आपल्या वाटेत आडवा येतो. आधी प्रतिस्पर्धी म्हणून भेटतो आणि ‘शॅडोब्रिंगर्स’मध्ये (2019) सोबतीला येतो. तुमच्या अरिंजयच्या दरवाज्याशी याचं नातं आहे.

*

प्रतिसाद २ (पुन्हा)

“पाय रोव” भन्नाट आहे. त्याला एक जोड देतो. तिसऱ्या फेजमध्ये तो ओरडायचा बंद होतो. दोरी आठही जणांना, मार तसाच, पण सावध करणारं कोणी नाही. मग काय होईल? व्हॉइस चॅटवर कोणीतरी आपणहून ओरडायला लागेल, “पाय रोव!” तुम्ही कोणालाही ते काम सांगितलेलं नसेल.

*

प्रतिसाद १

रात्री लिहीन म्हणालो होतो, तोवर इथे पंगत उठली. तरी एक प्रश्न: शेवटी मारायचाच का? लिच किंग ज्यात आहे त्याच आइसक्राउनच्या रेडमध्ये व्हॅलिथ्रिया ही ड्रॅगन आहे. तिला मारायचं नसतं, हील करून पूर्ण एचपीवर आणलं की लढाई जिंकली. तुमच्या दोऱ्या आठही जणांना जोडलेल्याच आहेत, तर हीलरने त्याला हील करावं...

*

प्रतिसाद ५

हीलर म्हणून मोह होतोय, पण नको. नगर मेलंय. त्याला बरं करून सगळं गोड केलं तर दरवाज्यामागच्या माणसांचं काय? फार तर असं करा: त्याला हील करता येतं, त्याने दोरी काही काळ सैल पडते, पण लढाई तेवढी लांबते. दया दाखवायची तर किंमत मोजून.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. धागा काढला तेव्हा रिकामी तीन फेज होती, आता कापायला लागतील इतकं जमलंय.

तूर्त असं ठरवतेय. पहिल्या फेजमध्ये एकावर दोरी आणि “पाय रोव!” दुसऱ्यात दोघांवर दोरी, तिची जाडी वाढत जाणार. त्या फेजमध्ये तो खेळाडूंवरच टॉन्ट वापरेल: चार सेकंद त्याच्याशिवाय कोणालाही टार्गेट करता येणार नाही, म्हणजे हीलरलाही शेजारच्याला हील करता येणार नाही. जुना टँक आहे, सवयी त्याच. तिसरी फेज, त्याचे एचपी 25 टक्क्यांवर आले की: आठही दोऱ्या आणि तो गप्प. हील करून दोरी सैल करायची सोय ठेवते, पण गेममध्ये ती कुठेही लिहून सांगणार नाही. शोधणारे शोधतील. अश्वत्थाम्याचा मुद्दाही पटला, संवादांच्या वहीतून “नाइलाज” खोडला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आवाज बंद करून खेळणारे आणि ऐकू न येणारे खेळाडू यांच्यासाठी “पाय रोव!”ला दिसणारी जोड हवी. दोरी लख्ख होणं हा एक पर्याय आहे. दुसरा म्हणजे अरिंजयची टाच जमिनीत रुतणं, जी ट्युटोरियलमध्येही दाखवता येईल. टाच मला जास्त आवडते, पण आठ जणांच्या जादूच्या रोषणाईत ती दिसेल का? आणि तिसऱ्या फेजमध्ये तो गप्प होतो तेव्हा ही खूणही काढून टाकायची का? काढली तर सगळे एका पातळीवर येतात, पण दीड सेकंदाचा इशाराच उरत नाही. मग फटके ठरावीक ठेक्यात बसवावे लागतील, पहिल्या दोन फेजमध्ये अंगवळणी पडेल असा ठेका. अशा ठेक्यावरच्या लढाया कोणी खेळल्या किंवा बनवल्या असतील तर दोन फटक्यांत किती अंतर ठेवलं होतं ते सांगा. मी सध्या नऊ सेकंद धरलेत.