मदत हवी आहे: आईच्या अ‍ॅड्रिनलच्या गाठीचं ऑपरेशन दुर्बिणीतून की पोट उघडून?

नमस्कार. आई ५४ वर्षांची, आम्ही सांगलीजवळ राहतो. गेल्या आठ महिन्यांत तिचा चेहरा गोल होत गेला, हनुवटीवर राठ केस आले, बीपी आणि शुगर दोन्ही वाढले. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली. पण दंड इतके बारीक झाले की ब्लाउजच्या बाह्या आत घ्याव्या लागल्या, आणि देवापुढे बसली की भिंतीला धरल्याशिवाय उठता येईना. तोवर गोळ्या फक्त वाढत होत्या. शेवटी सोनोग्राफी, मग सीटी. उजव्या किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत ७.२ सेंमीची गाठ. या ग्रंथीतून येणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन खूप जास्त. कॅनमध्ये २४ तासांची लघवी साठवून मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनॅलिनपासून बनणारा पदार्थ) तपासलं, ते नॉर्मल आलं, म्हणजे फिओ (अ‍ॅड्रिनॅलिनसारखी हार्मोन्स बनवणारी गाठ) नाही. कॅन्सरचा दाट संशय आहे. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे पसरलेलं दिसत नाही.

पहिले सर्जन म्हणतात दुर्बिणीतून करू, चार छोटे छेद, तिसऱ्या दिवशी घरी. आईला हेच हवंय. शेजारच्या काकूंचं पित्ताशय असंच काढलं होतं.

दुसऱ्या सर्जननी स्पष्ट नाही म्हटलं. साध्या गाठीला दुर्बीण उत्तम, पण या कॅन्सरची गाठ हाताळताना आवरण फाटलं तर पेशी पोटात सांडतात आणि आजार परत येतो. गाठ अख्खी, भोवतालच्या चरबीसकट निघायला हवी. युरोपातल्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतही दुर्बिणीचा विचार ६ सेंमीपेक्षा लहान, आजूबाजूला न शिरलेल्या गाठीपुरताच आहे. आईची गाठ यकृताला आणि मोठ्या नीलेला खेटून आहे. सुई घालून बायोप्सीही त्यांनी नको म्हटली. मला त्यांचंच पटतंय.

कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का? पोट उघडून केल्यावर किती दिवसांनी माणूस नीट चालायला लागला? दुसऱ्या बाजूची ग्रंथी झोपलेली असते म्हणून नंतर बरेच महिने हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई करणारं औषध) घ्यावं लागेल असं सांगितलंय, ते कसं सांभाळलंत? मायटोटेन (या कॅन्सरवरचं औषध) घेतलेल्यांना त्रास काय झाला? सर्जनना अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता हे विचारणार आहे, आणखी काय विचारू?

सोमवारी परळला टाटामध्ये दाखवायचंय. आईला टाक्यांची भीती वाटतेय. मोठा छेद घेतलेल्या कुणी ताईंनी तिच्याशी दोन मिनिटं बोलायची तयारी दाखवली तर कृपया व्यनि करा.