मदत हवी आहे: 1978च्या मर्सिडीज 280 एसएलची अलॉय चाकं, पावडर कोटिंग करू की स्प्रे? (बडोदा)

रावपुरा_280:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळी माहिती आधीच दिलेली बरी. नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "गाडी कुठली" आणि "फोटो टाका" यातच जातात.

गाडी मामांची. 1978ची 280 एसएल, म्हणजे आर107, दोन सीटची, उघड्या टपाची. मूळ दिल्लीतल्या एका वकिलातीची, नंतर एसटीसीच्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन) विक्रीतून बाहेर आलेली. चाकं कंपनीचीच आहेत, शौकीन मंडळी ज्यांना बंट म्हणतात ती, फुक्स कंपनीची फोर्ज केलेली, म्हणजे धातू दाबून घडवलेली. मागच्या बाजूला 6J×14 (रुंदी आणि व्यास, इंचांत) आणि ET30 (ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी जागा चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली) असे छाप स्पष्ट वाचता येतात.

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. पाणी हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या वर चढलं, इंजिनपर्यंत पोचलं नाही. गाळ धुतला, ब्रेक खोलून साफ केले, पुढची बेअरिंग बदलून नवं ग्रीस भरलं. चाकांकडे मात्र तेव्हा बघायला कुणाला सवड नव्हती. आता क्लिअर कोटखाली (रंगावरचा पारदर्शक थर) गांडुळं फिरून गेल्यासारख्या पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेषा उमटल्यात. नख लावलं की पापुद्रा सुटतो आणि खाली बारीक पांढरी पूड निघते. बॅलन्सिंगची लोखंडी वजनं जिथे ठोकली होती तिथे तर ॲल्युमिनियमला चक्क खड्डे पडलेत. दोन चाकं फुटपाथला घासलेली आहेत आणि मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या काठाला कसला तरी जुना मार आहे. मधल्या टोपीखाली मूळ चंदेरी रंग अजून शाबूत आहे.

मकरपुरा जीआयडीसीत एका पावडर कोटिंगवाल्याकडे (रंगाची पूड लावून भट्टीत पक्की करतात तो) गेलो होतो. तो म्हणतो जुना रंग भट्टीत जाळून टाकू, मग शॉट ब्लास्ट (बारीक गोळ्यांचा मारा करून सफाई), मग दोन थर पावडर. "नवां जेवां थई जशे, साहेब." दुसरा बफिंगवाला आरसा करून देतो म्हणतो. आणि मामांना क्रोम हवंय! जानेवारी 2023मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर 21 गन सॅल्यूटचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन झालं, तिथल्या चकचकीत गाड्या बघून आल्यापासून त्यांच्या डोक्यातून क्रोम जात नाही.

मला चाकं मूळ होती तशी हवीत आणि हायवेवर धोका नको. कुठून सुरुवात करू?

खटपट्या:

क्रोम नको, नको, नको. मामांना माझा नमस्कार सांगा आणि विषय बदला. खड्डे पडलेल्या ॲल्युमिनियमवर क्रोम दोन पावसाळे काढत नाही, पापुद्रे सुटतात. आणि सुटलेल्या क्रोमची कडा ब्लेडसारखी असते, टायरवाल्याचा हात कापेल.

कलाभवन_मेटलर्जी:

रावपुरा, भट्टीवाल्याला आजच फोन करून थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

फोर्ज केलेल्या ॲल्युमिनियमची ताकद उष्णतोपचारातून आलेली असते. अशा मिश्रधातूंना शेवटी साधारण 160 ते 180 अंश सेल्सिअसला काही तास ठेवून कडक केलेलं असतं. पावडर पक्की व्हायला 180 ते 200 अंश लागतात, पण दहा-वीस मिनिटांपुरतेच. एकदा असं केल्याने फार बिघडत नाही. दोन थर म्हणजे दोनदा भट्टी, तेही एकवेळ चालवून घेऊ. पण जुना रंग "जाळायचा" म्हणजे चाक साडेतीनशे-चारशे अंशांवर नेणं. तिथे धातू नरम पडतो आणि बघून काहीही कळत नाही. लोखंडी ग्रिल, गेट, खुर्च्या यांना ही पद्धत ठीक आहे, कारण त्यांचं काही जात नाही. तो माणूस वाईट नसेल, त्याचं रोजचं गिऱ्हाईक लोखंडाचं आहे, इतकंच.

कॉस्टिक सोड्यात बुडवायची आयडिया कुणी दिली तर तीही नको. कॉस्टिक रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो. पेंट रिमूव्हर लावा, उघड्यावर, जाड रबरी हातमोजे घालून. थर फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि भरपूर पाण्याने धुवा. लोखंडी वायर ब्रश अजिबात नको. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे रंगाखालून गंजाचे ठिपके वर येतात. नायलॉनचा खरखरीत पॅड घ्या.

आता खरी गोष्ट. रंग उतरला की ब्लास्टिंगच्या आधी डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, रंगीत द्रव मुरवून तडे शोधायची चाचणी) करून घ्या. शॉटचा मार बसला की बारीक तड्यांची तोंडं दबून बंद होतात, मग डाय आत शिरत नाही आणि फुटलेलं चाकही पास होतं. बडोद्यात प्रेशर व्हेसल बनवणारे इतके कारखाने आहेत की डीपी करणारा माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही. लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. बोल्टच्या भोकांभोवती आणि त्या मार लागलेल्या काठाला जास्त वेळ द्या.

इंदुरी_पोहे:

मेटलर्जी काका म्हणतात ते शंभर टक्के. मी इंदूरला घरच्या गॅरेजमध्ये चाकं रंगवतो, म्हणून रंगाचं थोडं सांगतो.

खड्डे घासून काढता येतील तेवढेच काढा, खोल असतील तिथे ॲल्युमिनियम पुटी. पण काठावर, जिथे टायरची बीड (आतली जाड कडा) बसते, तिथे पुटी लावू नका. हवा सुटते. तिथे नुसतं पॅडने साफ करून पातळ प्रायमर. मग सगळीकडे एपॉक्सी प्रायमर, 400च्या पेपरने ओलं घासणं, चंदेरी बेस कोट, वर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर). टोपीखालचा मूळ रंग दुकानात दाखवून शेड जुळवून घ्या. बंट चाकांना बरेच जण मर्सिडीजचा त्या काळचा 735 ॲस्ट्रल सिल्व्हर वापरतात, तुमच्या टोपीखालच्या रंगाशी जमतो का बघा. हार्डनरचा वास हलक्यात घेऊ नका. टू-केमध्ये आयसोसायनेट असतं, साधा कापडी मास्क काही कामाचा नाही. कार्ट्रिजचा मास्क घ्या.

आणि जे कुणी सांगत नाही ते. हबला टेकणारी मागची सपाट जागा आणि बोल्टच्या गोल खोबण्या टेपने झाका. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो चालवताना दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. पावडरचा थर आणखी जाड, म्हणून तिथे ही भीती जास्त. बोल्ट टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), 110 न्यूटन-मीटर. शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. बोल्ट अलॉयचेच आहेत ना? लोखंडी चाकांचे आखूड असतात, ते अलॉयला पुरेशी पकड देत नाहीत.

ठोकायची वजनं पुन्हा नकोत. आतून चिकटवायची घ्या.

रावपुरा_280:

सगळ्यांचे आभार. भट्टीवाल्याचा नाद सोडला. चारही चाकांचा रंग रिमूव्हरने उतरवला, त्यात वेळ गेला म्हणून उत्तराला उशीर. ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे डीपी करून आणली.

तीन चाकं स्वच्छ आहेत. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या काठावर, मार होता तिथूनच, बोटाच्या पेरभर लांबीची लाल रेघ आली. फोटो टाकलाय. तिथला वेल्डर म्हणतो, "टिग वेल्डिंग मारून देतो, वरून घासलं की दिसणारसुद्धा नाही." मारू देऊ का?

कलाभवन_मेटलर्जी:

दिसणार नाही हीच तर अडचण. वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा उष्णतेने नरम होतो. अख्ख्या चाकाला पुन्हा उष्णतोपचार दिल्याशिवाय ती ताकद परत येत नाही, आणि तो दिला तर चाक वाकण्याची भीती. ते चाक गॅरेजच्या भिंतीवर टांगा. विकू मात्र नका, दुसरा कुणीतरी घालून चालवेल.

खटपट्या:

डिकीतली स्टेपनी बघितलीत का? लोखंडी आहे की अलॉय?

रावपुरा_280:

अरे हो, ती बघायचंच राहिलं होतं. अलॉय आहे! त्याच छापाची, 6J×14, ET30. टायर बहुधा कधी रस्त्याला लागलेलाच नाही, अंगावरचे रबराचे केससुद्धा तसेच आहेत. पण जुनाट आणि दगडासारखा कडक झालाय, म्हणून टायर काढून टाकतो.

कलाभवन_मेटलर्जी:

तीही डीपीला पाठवा. आणि रंगाच्या आधी चारही चाकं हबवर लावून फिरवा आणि डायल गेजने (बारीक डोलणं मोजायचं घड्याळ) तपासा. मी अर्ध्या मिलिमीटरच्या वर डोलणारं चाक बाजूला काढतो, हातोडीने सरळ करून घेत नाही. आणि स्टेपनी म्हणून दुसरं चाक शोधाल तेव्हा नुसतं 5×112 (पाच भोकं, 112 मिलिमीटरच्या वर्तुळावर) बघून घेऊ नका. नंतरच्या बऱ्याच मर्सिडीजची चाकं त्या भोकांवर बसतात, पण ऑफसेट वेगळा असतो आणि चाक आत किंवा बाहेर सरकतं.

इंदुरी_पोहे:

आणि रंग पावसाच्या आधी उरका. हवेत दमटपणा असला की क्लिअर पांढुरका पडतो, मग पुन्हा घासत बसायचं. धुताना साधा शांपू. सर्व्हिस स्टेशनवर चाकांना मारतात ते ॲसिड या चाकांजवळ येऊ देऊ नका, तसं मामांनाही आत्ताच सांगून ठेवा.

रावपुरा_280:

मामांना सांगितलं. ॲसिड मान्य, वेल्डिंग नको मान्य. क्रोमवर अजून चर्चा चालू आहे. मी बेस कोटचा एक डबा आणून ठेवलाय.