जुना आयरिश गालिचा डोनेगलचाच आहे, हे कसे ओळखावे?

ऊन-पाऊस (डब्लिन):
नमस्कार. येथील एका लिलावातून आम्ही लोकरीचा एक जुना गालिचा घेतला. यादीत ‘हाताने गाठी मारलेला आयरिश गालिचा, अंदाजे १९०५’ एवढाच उल्लेख होता. कागदपत्रे काहीही नाहीत. जमीन गडद हिरवी असून तीवर मोठी फुले-पाने आहेत आणि काठ चांगला रुंद आहे. केल्टिक, म्हणजे प्राचीन आयरिश धाटणीची, वेलबुट्टी मात्र कुठेही नसल्यामुळे घरी येणारे आयरिश परिचितच तो आयरिश असल्याबद्दल शंका घेतात. एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेची लव (वर उभे राहणारे लोकरीचे धागे) पार झिजली असून खालचे धागे उघडे पडले आहेत. हा आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगल परगण्यातला असू शकेल का, आणि तो धुवायला द्यावा का?

ताणाबाणा:
नक्षीवरून शंका घेण्याचे काहीच कारण नाही. आयर्लंडच्या पश्चिमेकडील निकृष्ट जमिनीच्या आणि गरिबीने गांजलेल्या भागांसाठी १८९१ मध्ये ‘कन्जेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ स्थापन झाले. लोकांना गावातच रोजगार मिळावा, या हेतूने त्या मंडळाने दिलेल्या पाठबळावर स्कॉटलंडमधील डार्वेलचे कापड उत्पादक अलेक्झांडर मॉर्टन यांनी १८९८ मध्ये डोनेगल परगण्यातील किलीबेग्ज या मासेमारीच्या बंदरात माग उभारले, आणि पुढे किलकार, क्रॉली व ॲनाग्री येथेही काम सुरू झाले. मागासमोर बाकावर ओळीने बसून, समोरच्या नक्षीबरहुकूम एकेक गाठ मारणाऱ्या बहुतेक स्थानिक मुली होत्या. म्हणजे हात आयरिश, भांडवल स्कॉटिश, गाठ तुर्की आणि नक्षी पुष्कळदा सी. एफ. ए. व्हॉयसी यांच्यासारख्या इंग्रज आरेखकाची, असा तो सगळा मामला होता. लंडनच्या लिबर्टी या पेढीने हे गालिचे विकले आणि १९०३ मध्ये तेथील ग्राफ्टन गॅलरीत त्यांचे प्रदर्शनही भरवले. ग्राहक लंडनच्या अभिरुचीचा असल्यावर नक्षी त्याच्या दिवाणखान्याला शोभणारी असणार, हे ओघानेच आले.

केल्टिक नक्षीचा आग्रह धरणारी मंडळी वेगळी. एव्हलिन ग्लीसन यांनी कवी येट्स यांच्या बहिणी लिली आणि एलिझाबेथ यांच्यासह १९०२ मध्ये डब्लिनजवळच्या डंड्रम येथे ‘डन एमर’ ही संस्था काढली. तेथेही गालिचे विणले जात, पण तो कारभार डोनेगलच्या मानाने लहान होता.

उलट-सुलट:
इतिहास ठीक आहे, पण आधी गालिचा पालथा घाला. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात नक्षी मागच्या बाजूलाही स्पष्ट दिसते आणि टोकाची झालर म्हणजे त्याच्याच उभ्या धाग्यांची टोके असतात. झालर वरून शिवलेली असेल, किंवा पाठीला डिंकाने कापड चिकटवलेले असेल, तर पुढचे काही पाहायलाच नको. यंत्रावर विणलेले ‘ॲक्समिन्स्टर’ प्रकारचे जुने गालिचेही पुष्कळांना फसवतात. ते लांबीकडून सहज गुंडाळता येतात, पण रुंदीकडून गुंडाळताना ताठ राहतात.

तुमचा झिजलेला कोपरा येथे कामाला येईल. त्याच्या कडेला, जिथे थोडी लव शिल्लक आहे, तिथे ती बोटांनी फाकवून भिंगातून पाहा. तुर्की गाठीत लोकरीचा तुकडा दोन उभ्या धाग्यांवरून गुंडाळून त्याची दोन्ही टोके त्या दोहोंच्या मधून वर काढलेली असतात. व्हॉयसी धाटणीच्या नकला अलीकडे भारतातही विणल्या जातात. आपल्याकडे मात्र फारसी गाठ अधिक चालते आणि तिच्यात एकच धागा पूर्ण वेढला जातो.

ऊन-पाऊस:
भिंगातून पाहिले. दोन्ही टोके मधूनच वर येतात, झालर सलग आहे आणि गाठी जाड आहेत. म्हणजे डोनेगलचा समजू?

उलट-सुलट:
एवढ्यावरून नाही. तुर्कस्तानातील उशाकचे गालिचेही लोकरीचे, जाड गाठींचे आणि त्याच गाठीने विणलेले असतात. मॉर्टन यांच्या मालाची बाजारातली स्पर्धा बऱ्याच अंशी त्यांच्याशीच होती. येथून पुढे नक्षीच निर्णायक ठरेल, म्हणून काठाची आणि मध्यभागाची स्वच्छ छायाचित्रे काढून ती मॉर्टन यांच्याकडील ज्ञात आरेखनांशी ताडून पाहावीत. विकणाऱ्याने ‘डोनेगल’ हा शब्द टाळला आहे, तो मला सावधपणाच वाटतो.

ताणाबाणा:
धुण्याची घाई करू नका. आधी पांढरे सुती कापड ओले करून प्रत्येक रंगावर काही क्षण दाबून ठेवा. कापडाला रंग लागला, तर पाण्याचे नावच काढू नये. व्हॅक्यूम क्लीनर फिरता ब्रश न लावता लवेच्या दिशेने चालवावा. कोपऱ्यात नव्या गाठी भरून घेण्याचा मोह तूर्त आवरा, कारण मूळ धागे उघडे असणे हाच आज तुमच्याकडचा पुरावा आहे; उसवण वाढू नये म्हणून मागून सुती पट्टी टाचून घेतली तरी पुरे. आणि सोफ्याखाली जाणारा भाग महिन्यातून एकदा तरी उचलून पाहा, कारण कसर लागते ती नेमकी अशाच अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी.