शब्दचर्चा : ‘कॅटल स्टेशन’ला मराठीत काय म्हणावं?

उनाडटप्पू : ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलहून माउंट आयझा, टेनंट क्रीक करत ॲलिस स्प्रिंग्सपर्यंत गाडीने गेलो, त्याचं प्रवासवर्णन लिहितोय. ‘कॅटल स्टेशन’पाशी, म्हणजे तिथल्या गुरं पाळायच्या अवाढव्य रानापाशी, अडलोय. गोठा म्हणवत नाही, फार्म म्हटलं की हुरडा पार्टी आठवते. ‘मस्टरिंग’ आणि ‘कॅटल ग्रिड’चंही तेच. सुचवा.

गव्हाण : गोठा नकोच. कुरण राखलेल्या गवताचं, गायरान गावाचं. इथे मैलोगणती गावच नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक स्टेशन, लगतचं ‘द पीक’ स्टेशन धरून, २३ हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आपला सगळ्यांत मोठा अहिल्यानगर जिल्हासुद्धा १७ हजारांच्या आसपास. शिवाय जमीन बहुधा सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेली, त्यामुळे ‘जहागीर’ही बाद. मी ‘गुरांचं ठाणं’ म्हटलं असतं, पण त्यात पोलीस शिरतात. पहिल्यांदा एका वाक्यात समजावून द्या आणि पुढे बिनधास्त स्टेशनच लिहा. फक्त ‘स्टेशनवर पोचलो’ लिहू नका, वाचक फलाट शोधेल.

सोनकी : मस्टरिंगला ‘गुरं वळणं’ का नको?

गव्हाण : वळणं रोजचं काम, एक पोरगं काठी घेऊन करतं. मस्टरिंग वर्षातून एकदोनदा. हेलिकॉप्टर, मोटरसायकली, घोडे घेऊन पांगलेली गुरं घेरत वाड्यात आणायची; मग वासरांना डाग द्यायचे, विकायची जनावरं निराळी काढायची. शिकारीतला ‘हाका’ मला जवळचा वाटतो. ‘गुरांचा हाका’.

सोनकी : हाका चालेल. पण ‘खिल्लार’ लिहायचा मोह आवरा. त्याचा अर्थ कळपही होतो हे खरं, पण वाचकाला पांढरे बैलच दिसणार. उत्तरेकडच्या स्टेशनांवर ब्राह्मन जातीची गुरं पुष्कळ. ती जात अमेरिकेत आपल्याकडच्या गीर, ओंगोल वगैरे गुरांपासून तयार झाली, म्हणून वशिंड असतं. ‘वशिंडाची गुरं’ लिहा, काम झालं.

आंबेमोहर : ग्रिडसाठी आमच्या कोकणातलं ‘बेडं’?

उनाडटप्पू : बेड्याचे बांबू सरकवावे लागतात ना? इथे रस्त्यात खड्डा आणि त्यावर फटी ठेवून बसवलेल्या आडव्या लोखंडी पट्ट्या. गाडी खडखडत पार होते, गुरं मात्र खूर अडकेल म्हणून पुढे येत नाहीत. फाटक उघडायला उतरायला नको.

आंबेमोहर : मग ‘गुरअडव’. पाणंदीला शोभेल असा शब्द आहे, कोशात नसला तरी.

पाणाडी : ‘बोअर’ तसाच ठेवा, पण समजावून सांगा. आपल्याला विंधणविहीर म्हटलं की हापसा आठवतो. ग्रेट आर्टेशियन बेसिन या जमिनीखालच्या प्रचंड पाणीसाठ्याच्या पट्ट्यात काही ठिकाणी पाणी दाबाने आपसूक वर येतं, तेही कढत. आणि माउंट आयझाच्या शिसं वितळवायच्या भट्टीचं २७० मीटरचं धुराडं लिहिताना ‘चिमणी’ नको. धुराडंच.

उनाडटप्पू : मस्त! रोडहाऊसला, म्हणजे हमरस्त्यावरच्या पेट्रोल-खाण्याच्या थांब्याला, ढाबा लिहिलंय. खायला मिळतंच की.

पाणाडी : ढाबा चुकला तर पाच मिनिटांत दुसरा येतो. कॅमूवील गाव सोडल्यावर बार्कली होमस्टेड या रोडहाऊसपर्यंत अडीचशे किलोमीटर पेट्रोल नाही. तिथे खाण्याआधी टाकी भरायची असते. रोडहाऊसच ठेवा.

सोनकी : आणि रोड ट्रेनला ‘मालगाडी’ लिहिलं असेल तर तेही खोडा. ५३.५ मीटरपर्यंत लांबीची असली तरी ती रस्त्यावरून जाते. ‘ट्रेलरांची माळ ओढणारा ट्रक’ एकदा लिहा, मग रोड ट्रेन.

उनाडटप्पू : लिहिलं होतं. खोडतो.